भुसा निघतो तिथेच पकडा: घरच्या वर्कशॉपसाठी व्हॅक्यूमची निवड आणि वापर

सँडर (पॉलिश पेपर लावून लाकूड घासणारं यंत्र) बंद केल्यावर फरशीवर जी धूळ दिसते ती केरसुणीनेही निघते. त्रास देते ती न दिसणारी धूळ. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. पॉलिश पेपरखालून उडणाऱ्या धुळीत एक-दोन मायक्रॉनचे कणही भरपूर असतात. ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या पार टोकापर्यंत पोचतात. झाडू मारला की खाली बसलेले कणही पुन्हा वर येतात, म्हणजे नेमकी साफसफाई करतानाच आपण सगळ्यात वाईट हवा ओढत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. रविवारी दोन तास काम करणारा हौशी माणूस आणि तीस वर्षं सॉ मिलमध्ये राबलेला कामगार यांची जोखीम सारखी नसते. पण घरचं वर्कशॉप बहुतेकदा गच्चीवरच्या बंद खोलीत किंवा शटर अर्धं ओढलेल्या पार्किंगमध्ये असतं, आणि तिथली हवा जिन्यावाटे घरात जाते. म्हणून माझ्या लेखी व्हॅक्यूमची जागा गॉगल आणि मास्कच्या शेजारी आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे: मुख्य काम लाकडाचं, जोडीला भिंतीला भोकं पाडणं, गाडीची सफाई आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये शिरणारं पाणी.

पायरी १: तुमची धूळ कोणती ते आधी ठरवा

दुकानात जाण्याआधी महिनाभरात कोणती हत्यारं जास्त चालतात ते आठवा. हातरंधा आणि इलेक्ट्रिक रंधा ढलप्या काढतात. त्या हलक्या पण फुगीर असतात, टाकी पटकन भरते आणि अरुंद नळी तुंबते. सर्क्युलर सॉ आणि जिगसॉचा भुसा जाडसर असतो. तो ओढायला सोपा. सँडर आणि राउटर (लाकडाला खाच आणि कड मारणारं हत्यार) पिठासारखी धूळ काढतात, आणि राउटरखाली एमडीएफची पाटी असेल तर आणखीच बारीक. एमडीएफमध्ये लाकडाच्या तंतूंसोबत फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंद असतो, त्यामुळे त्याच्या धुळीला सागवानाच्या भुशापेक्षा जास्त मान द्यावा. भिंतीची, टाइलची आणि ग्रॅनाइटची धूळ हा वेगळाच प्रकार आहे. तिच्यात सिलिका असते आणि तीही १९९७ पासून त्याच पहिल्या गटात आहे. गाडीतली वाळू, खडे आणि केस यांना ओढ लागते, पण फार बारीक फिल्टर लागत नाही.

यादी केलीत की घरातला सोफे-पडदे साफ करणारा व्हॅक्यूम वर्कशॉपला का चालत नाही ते लगेच कळतं. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत ओढलेली हवाच फिल्टरमधून जाऊन मोटरला थंड करते. छोटा फिल्टर एमडीएफच्या पिठाने बुजला की हवा कमी होते आणि मोटर तापते. वर्कशॉपसाठी घ्यायचा तो ओला-सुका व्हॅक्यूम, म्हणजे ज्याला दुकानदार 'वेट अँड ड्राय' म्हणतात. त्यात मोटरला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. म्हणूनच त्यात पाणी ओढता येतं आणि म्हणूनच तो धुळीत टिकतो.

एक मर्यादा मात्र आधीच सांगून ठेवतो. थिकनेसर, मोठा टेबल सॉ किंवा जॉइंटर असेल तर कोणताही व्हॅक्यूम कमी पडतो. या यंत्रांना चार इंची पाइपमधून वाहणारी भरपूर हवा लागते, आणि त्यासाठी डस्ट कलेक्टर नावाचं वेगळं यंत्र असतं. व्हॅक्यूम थोडी हवा जोरात ओढतो, कलेक्टर भरपूर हवा हळू ओढतो. हाताने धरायच्या हत्यारांसाठी पहिला, जमिनीवर उभ्या यंत्रांसाठी दुसरा.

पायरी २: खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

सर्वांत मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात आणि निवडीला त्यांचाच उपयोग सर्वांत कमी. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, धूळ किती ओढतं ते नव्हे. चांगल्या घडणीचा १००० वॅटचा व्हॅक्यूम सुमार १६०० वॅटवाल्यापेक्षा जास्त काम करू शकतो. 'पीक हॉर्सपॉवर' तर सरळ दुर्लक्षायची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या साध्या सॉकेटमधून १२० व्होल्टला १५ अँपिअर मिळतात, म्हणजे १८०० वॅट, म्हणजे जेमतेम २.४ हॉर्सपॉवर. तरी त्याच सॉकेटवर चालणाऱ्या यंत्रांवर ५-६ हॉर्सपॉवर छापलेलं असतं. तो आकडा मोटर सुरू होतानाच्या क्षणाचा, चालू कामाचा नाही. आपल्याकडच्या ऑनलाइन जाहिरातींतही तो सर्रास दिसतो.

पाहायचे आकडे दोन. पहिला ओढीचा, किलोपास्कलमध्ये. वर्कशॉपच्या चांगल्या व्हॅक्यूममध्ये तो साधारण १८ ते २३ असतो. २० किलोपास्कल म्हणजे यंत्र पाण्याचा दोन मीटर उंच स्तंभ उचलून धरू शकेल इतका दाब. दुसरा आकडा हवेचा, लिटर प्रति मिनिट किंवा सीएफएममध्ये, म्हणजे घनफूट प्रति मिनिटात. एक सीएफएम म्हणजे सुमारे २८ लिटर प्रति मिनिट. गंमत अशी की ओढीचा आकडा नळीचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात, आणि हवेचा आकडा तोंड पूर्ण उघडं ठेवून. प्रत्यक्ष काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होतं. म्हणून एकच आकडा छापणाऱ्या कंपनीकडे दुसरा मागा. तो पानभर शोधूनही मिळाला नाही तर मी ते मॉडेल सोडून देतो.

किती हवा पुरते याचा एक कामाचा ठोकताळा युरोपच्या नियमांत आहे. तिथे लाकडाच्या धुळीसाठी वापरायच्या एम वर्गाच्या (हे वर्ग पायरी ३ मध्ये सांगितले आहेत) व्हॅक्यूममध्ये नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की इशारा वाजला पाहिजे, कारण वेग घटला की कण नीट ओढले जात नाहीत. ३५ मिलिमीटरच्या नळीत हा वेग टिकवायला मिनिटाला साधारण ११५० लिटर हवा लागते. जाहिरातीतला आकडा याच्या दीडपट तरी असू द्या, कारण फिल्टर थोडा भरला आणि पुढे हत्यार जोडलं की हवा घटतेच.

पायरी ३: पैसे फिल्टरवर घाला

पाच ते दहा हजारांत मिळणारे बहुतेक ओले-सुके व्हॅक्यूम ओढीत ठीक असतात. घात होतो तो फिल्टरमध्ये. सोबत येणारी कापडी पिशवी किंवा स्पंजचं आवरण जाड भुसा अडवतं, बारीक धूळ मात्र मागच्या जाळीतून खोलीत परत सोडतं. वर ती जोरात फेकली जाते, म्हणजे झाडूपेक्षाही वाईट.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर रात्री वर्कशॉपमधले सगळे दिवे बंद करा. व्हॅक्यूम सुरू करून त्याला चिमूटभर एमडीएफची धूळ ओढू द्या आणि हवा बाहेर पडते त्या जाळीपुढे एक चांगली टॉर्च आडवी धरा. तुम्ही टॉर्चच्या बाजूला न राहता झोताच्या समोर, थोडं तिरकं उभं राहून पाहा. फिल्टर गळका असेल तर झोतात राखाडी धूर वळवळताना दिसतो. ट्यूबलाइटच्या उजेडात त्याच जागी काहीच दिसत नाही. फिल्टर बदलून, बसवणीचं रबर नीट दाबून पुन्हा तीच चाचणी करा. झोत रिकामा दिसला पाहिजे. नवा व्हॅक्यूम घरी आला की पहिल्या रात्री ही चाचणी करा, परत करायची मुदत असते तोवरच.

हेपा, म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर, हा शब्द खोक्यावर दिसला तर सोबत आकडा आहे का पाहा. अमेरिकी व्याख्येत ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडले पाहिजेत. युरोपात एच १३ दर्जासाठी सर्वांत निसटत्या आकाराचे ९९.९५ टक्के. नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल तर त्यामागे कोणतीही हमी नाही. शिवाय फिल्टर कितीही चांगला असला तरी झाकणाच्या फटीतून हवा निसटत असेल तर उपयोग शून्य. म्हणून झाकणाचं रबर आणि क्लिपा हाताने तपासूनच यंत्र घ्या.

युरोपी मानकात पूर्ण यंत्राचेच वर्ग आहेत: एल वर्गातून १ टक्क्यापर्यंत धूळ निसटू शकते, एम मधून ०.१ टक्का, एच मधून ०.००५ टक्के. एम वर्गाची यंत्रं आपल्याकडे महाग पडतात आणि हौशी माणसाला ती झेपतीलच असं नाही. त्यावर तोड अशी: साध्या यंत्रात घडीचा, म्हणजे प्लीटेड, बारीक फिल्टर बसवायचा आणि त्याच्या अलीकडे न विणलेल्या कापडाची, फ्लीसची पिशवी लावायची. नव्वद टक्क्यांहून जास्त माल पिशवीतच राहतो, फिल्टर महिनोन्‌महिने मोकळा राहतो आणि टाकी रिकामी करताना धुळीचा ढग उठत नाही. पिशवी उचलायची, तोंड बंद करायचं, टाकायची. कागदी पिशवीही चालते, पण लाकडाच्या टोकदार ढलपीने ती फाटते आणि ओलाव्याने विरघळते. एक काळजी घ्या: त्या मॉडेलच्या पिशव्या आणि फिल्टर सुटे मिळतात का ते यंत्र घेण्याआधीच पाहा. स्वस्त मिळालेलं यंत्र वर्षभरात फिल्टरअभावी कोपऱ्यात पडलेलं मी अनेकांकडे पाहिलं आहे.

पायरी ४: नळी, टाकी, चाकं

नळी ३५ मिलिमीटरच्या आसपासची घ्या. ३५ वरून २७ वर आलात की तोंडाचं क्षेत्रफळ ४० टक्क्यांनी घटतं. ढलप्या अडकतात, पण सँडरला मात्र हलकी, लवचीक नळी बरी पडते. दोन नळ्या असतील तर उत्तम. लांबी तीन-साडेतीन मीटर पुरे, प्रत्येक जास्तीचा मीटर ओढ खातो. टाकी १५ ते २० लिटरची. त्याहून मोठी घेतलीत तर छोट्या खोलीत पायात येते आणि पाण्याने भरली की एकट्याने उचलत नाही. स्टीलची टाकी दिसते छान, पण कोकणच्या दमट हवेत जोडांपाशी गंज धरते. जाड प्लॅस्टिक मला जास्त पसंत.

प्लॅस्टिकच्या नळीत कोरडा भुसा घासून स्थिर वीज साठते. विदर्भ-मराठवाड्यात थंडीच्या कोरड्या दिवसांत तिचा चटका चांगलाच जाणवतो, दमट किनारपट्टीवर क्वचित. अँटिस्टॅटिक नळी आणि अर्थिंग असलेलं यंत्र मिळालं तर तेच घ्या, कारण चटक्याने दचकून सुरू असलेल्या राउटरवरचा हात हलणं हा खरा धोका आहे.

पायरी ५: विजेचा हिशेब

घरातलं साधं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅटपर्यंत झेलतं. १६ अँपिअरचं, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो, ३६८० वॅटपर्यंत. १२०० वॅटचा व्हॅक्यूम आणि १४०० वॅटचा सर्क्युलर सॉ एकत्र चालले की २६०० वॅट झाले, म्हणजे पॉवर पॉइंटच लागला. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डात दोघांना घुसवलंत तर प्लग पिवळा पडून वितळतो. वर्कशॉपसाठी वायरमनकडून स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. पाणी ओढणार असाल तर आरसीसीबी हवीच. गुंडाळी असलेली एक्स्टेन्शन वापरताना ती पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

काही यंत्रांच्या अंगावरच हत्यारासाठी सॉकेट असतं. सँडरचं बटण दाबलं की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि सँडर थांबल्यावर काही सेकंद चालून नळी मोकळी करतो. या सोयीसाठी दोन-तीन हजार जास्त मोजायला हरकत नाही. व्हॅक्यूम सुरू करायला प्रत्येक वेळी वाकावं लागलं तर 'एवढाच एक कट आहे' म्हणून माणूस तो सुरू करायचं टाळतो. मात्र त्या सॉकेटवर जास्तीत जास्त किती वॅट चालतील ते छापलेलं असतं, ते ओलांडू नका.

पायरी ६: मध्ये सायक्लोन बसवा

शंकूच्या आकाराचा प्लॅस्टिकचा सायक्लोन हत्यार आणि व्हॅक्यूम यांच्या मध्ये बसतो. हवा बाजूने आत शिरते, शंकूत गरगर फिरते, जड कण भिंतीला घासून खालच्या बादलीत पडतात आणि बरीचशी स्वच्छ झालेली हवा मधल्या नळीतून व्हॅक्यूमकडे जाते. ताक घुसळताना लोणी एकीकडे जमावं तसा भुसा वेगळा होतो. सगळी धूळ अडत नाही, सर्वांत बारीक कण पुढे जातातच, पण फिल्टरवरचा भार इतका कमी होतो की पुन्हा त्याशिवाय काम करावंसं वाटत नाही.

घरी बसवायचा तर असा. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या, घट्ट बसणाऱ्या झाकणाची आणि जाड अंगाची. झाकणाच्या मध्यभागी सायक्लोनच्या खालच्या तोंडाएवढं गोल भोक जिगसॉने पाडा. झाकण एकटं वाकतं, म्हणून त्याच्या खालून १२ मिलिमीटर प्लायवूडची गोल चकती तेवढ्याच भोकाची लावा आणि सायक्लोन, झाकण, चकती नटबोल्टने एकत्र आवळा. सांध्यावर सिलिकॉन सीलंट फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. झाकणाच्या कडेला दरवाज्याला लावतात ती फोमची पट्टी चिकटवा. जोडणी झाली की नळीचं तोंड तळहाताने क्षणभर बंद करा. कुठूनही शीळ ऐकू आली तर तिथून हवा शिरते आहे. सायक्लोनला थोडीही गळती चालत नाही, बादलीत बसलेला भुसा परत उडून वर जातो.

हात मात्र क्षणभरच ठेवा. नळी पूर्ण बंद असताना २० किलोपास्कलची ओढ ३० सेंटिमीटर रुंदीच्या झाकणावर जवळजवळ १४० किलोचं वजन ठेवल्यासारखा दाब टाकते. पातळ बादली डोळ्यांदेखत आत चेपते आणि सांधे सुटतात. त्यावर उपाय म्हणून एकात एक दोन बादल्या घालतात, किंवा आत प्लायच्या दोन रिंगा आधाराला बसवतात. बादली दोन तृतीयांश भरली की रिकामी करा; त्यापुढे भुसा वर ओढला जातो.

बादली चाकांच्या चौकटीवर व्हॅक्यूमच्या शेजारी घट्ट बांधा. नळी खेचली की सुटी बादली हटकून कलंडते.

पायरी ७: हत्याराला जोडणं

इथे सगळ्यांची पंचाईत होते, कारण प्रत्येक कंपनीच्या हत्याराचं धुळीचं तोंड वेगळ्या मापाचं असतं. तयार रबरी अडॅप्टर मिळतात. नाही मिळाले तर हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे रिड्युसर आणि जुन्या सायकल ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा यांनी जवळपास कुठलीही जोडणी होते. ट्यूब ताणून चढवली की हवाबंद बसते आणि हत्यार फिरवताना वळतेही.

सँडरला जोडल्याचा फायदा सर्वांत मोठा, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पॉलिश पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर अचूक बसली पाहिजेत. १२५ मिलिमीटरच्या पॅडला बहुधा आठ भोकं असतात. बाजारातला भोकं नसलेला स्वस्त पेपर लावलात तर ओढ पोचतच नाही. ओढ फार झाली की सँडर लाकडाला चिकटून थरथरतो आणि गोल ओरखडे पडतात. अशा वेळी नळीच्या मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडा. धूळ निघून गेल्यामुळे पेपरही बराच जास्त टिकतो, हा वरचा फायदा.

सर्क्युलर सॉचा भुसा मागच्या तोंडातून बराच पकडला जातो, पण पात्याच्या पुढून उडणारा सुटतो. प्लायचा मोठा तुकडा कापताना खाली थर्माकोलची जाड शीट ठेवली तर खालच्या बाजूने उडणारा भुसा कापाच्या खाचेतच राहतो आणि व्हॅक्यूमला ओढायला वेळ मिळतो. राउटरने कड मारताना धूळ बाहेरच्या बाजूला फेकली जाते. तिथे नळीचं तोंड क्लँपने कामाशेजारी, दोन-तीन इंचांवर बांधा. त्याहून लांब ठेवलेली नळी जवळजवळ निरुपयोगी, कारण ओढीचा जोर तोंडापासून थोड्या अंतरावरच विरतो.

भिंतीला भोक पाडताना दुसऱ्या माणसाने नळीचं तोंड भोकाच्या लगेच खाली भिंतीला टेकवून धरायचं. एकटे असाल तर चिकटणाऱ्या चिठ्ठीच्या (स्टिकी नोट) कागदाचा खण भोकाखाली करून ठेवा आणि भोक झाल्यावर खण व भोक दोन्ही ओढून घ्या. रॉल प्लग बसवण्याआधी भोकातली भुकटी ओढली की प्लगही पक्का बसतो.

व्हॅक्यूम लावला म्हणून मास्क काढू नका. एन ९५ चढवून काम करा आणि सँडर थांबल्यावर व्हॅक्यूम व एक्झॉस्ट पंखा निदान पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवूनच मास्क उतरवा. कानांचीही सोय करा. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामाच्या जागेची शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि व्हॅक्यूमच्या जोडीला राउटर लागला की ती सहज ओलांडते. सोसायटीत राहत असाल तर दुपारी दोन ते चार हे काम ठेवू नका. शेजारी सांभाळले तरच वर्कशॉप चालतं.

पायरी ८: पाणी ओढताना

आधी पिशवी आणि कागदी फिल्टर काढा, स्पंजचं आवरण चढवा आणि टाकीतला भुसा रिकामा करा, नाहीतर आत लगदा होतो. पाणी वरच्या पातळीला पोचलं की आतला तरंगता गोळा हवेची वाट बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चढतो. तो ऐकला की लगेच बंद. साबणाचा फेस मात्र या गोळ्याला न उचलता मोटरपर्यंत जातो, म्हणून गाडीची सीट शॅम्पूने धुतली असेल तर टाकीत आधी थोडं व्हिनेगर किंवा फेस मारणारं द्रव टाका.

पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरलं तर आधी हिशेब करा. १० बाय १८ फुटांच्या जागेत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १६७ लिटर. १७ लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात दहा-बारा लिटरच मावतात, म्हणजे टाकीच्या पंधरा-सोळा फेऱ्या. मोठं पाणी वायपरने ढकला किंवा छोट्या पंपाने काढा, आणि कोपरे, शटरची खाच, ड्रेनचा तोंडाजवळचा चिखल व्हॅक्यूमला द्या. पाण्यात उभं राहून प्लग काढू-घालू नका. काम झालं की टाकी धुऊन, झाकण उघडं ठेवून यंत्र दोन-तीन मिनिटं कोरडं चालवा. दमट हवेत बंद करून ठेवलेल्या टाकीत दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो.

हे कधीच ओढू नका

पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन, ॲसिटोन किंवा त्यांत भिजलेला भुसा. व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) असतात आणि ते सतत ठिणग्या टाकतात.

ग्राइंडरच्या ठिणग्या. भुशाने भरलेल्या पिशवीत एक गरम कण धुमसत राहतो आणि आग तासाभराने, तुम्ही वर जेवायला गेल्यावर लागते. लोखंड घासायचं असेल तर टाकी आणि सायक्लोनची बादली आधी पूर्ण रिकामी करा आणि घासून झाल्यावर, कीस गार पडल्यावर तो ओढा. जवसाच्या तेलाचं पॉलिश घासलेली ताजी धूळही आपोआप तापू शकते. ती पिशवी रात्री आत ठेवू नका. तेलाची फडकी पाण्याच्या डब्यात टाका.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचा चुरा. शेडवर टाकलेल्या या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याचे तंतू साध्या फिल्टरमधून आरपार जातात. असा पत्रा कापू नका, भोक पाडायचंच असेल तर पाणी मारत हाताने पाडा आणि ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या खिडक्या-ग्रिलच्या रंगाबाबतही सावध राहा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे; त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.

पीओपी आणि सिमेंटची भुकटी ओढावी लागली तर पिशवी लावूनच, आणि त्याच दिवशी टाकी साफ करून. ओलावा लागला की फिल्टरच्या घड्यांत ती दगडासारखी बसते.

निगा

ओढ कमी वाटली की यंत्राला दोष देण्याआधी नळी सोडून यंत्राच्या तोंडाशी हात धरा. तिथे जोर असेल तर नळी तुंबली आहे. नसेल तर पिशवी किंवा फिल्टर. आवाज नेहमीपेक्षा पातळ आणि चढा असेल तर कुठेतरी वाट बंद आहे, कारण हवा न मिळाल्याने मोटर हलकी होऊन जास्त वेगाने फिरते. नळीतला बोळा काढायला लांब तार घालू नका, नळी फाटते. ती उलटी जोडून पाहा, नाहीतर वर धरून आपटत खाली आणा.

घडीचा फिल्टर उघड्यावर नेऊन, मास्क लावून, टाकीच्या कडेवर हलकेच आपटा. मऊ ब्रश घड्यांच्या दिशेनेच फिरवा. कंप्रेसरची हवा मारायची तर कमी दाबाने, हातभर अंतरावरून आणि आतून बाहेर. जवळून मारलेल्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. ती पडली का ते टॉर्चच्या चाचणीत कळतं. धुता येणारा फिल्टर साध्या पाण्याने धुवा, साबण नको. उन्हाळ्यात तो एका दिवसात वाळतो, जुलैत तीन-तीन दिवस घेतो. ओला फिल्टर चढवला की धूळ त्यावर चिखल होऊन बसते, म्हणून दोन फिल्टर असावेत: एक यंत्रात, एक दोरीवर.

दोन-तीन वर्षांनी मोटर थांबत-थांबत चालू लागली किंवा जाळीतून जास्त ठिणग्या दिसल्या तर बहुधा कार्बन ब्रश संपलेले असतात. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या कुठल्याही दुकानात ते थोडक्या पैशांत बदलून मिळतात. जुने ब्रश सोबत न्या, म्हणजे माप जुळतं.